डॅट कॅसेटवरचे ध्वनिमुद्रण संगणकात उतरवताना

गिरगाव, दादर किंवा पार्ल्यातील ज्या घरांत एकेकाळी गाण्याच्या बैठकी होत, त्यांपैकी काही घरांच्या माळ्यावर आजही लहान कॅसेटांचा एखादा डबा सापडतो. दोन काडेपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर जेवढ्या होतील, साधारण तेवढा या कॅसेटचा आकार असतो. डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, हे तंत्र सोनीने १९८७ साली बाजारात आणले आणि २००५ साली आपल्या डॅट यंत्रांचे उत्पादन थांबवले. मधल्या काळात ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ, नाटकांचे ध्वनिसंयोजक आणि बैठकी जतन करणारे हौशी रसिक या सर्वांनी ते वापरले. माझे मामा या शेवटच्या वर्गातले होते. त्यांच्या पश्चात चौसष्ट कॅसेटा आणि त्या वाजवणारे यंत्र, म्हणजे एक डेक, माझ्याकडे आला.

मी पहिली चूक केली ती अशी, की त्यांतल्या सहा कॅसेटा एका दुकानाकडे ‘कन्व्हर्ट’ करण्यासाठी दिल्या. परत आल्या त्या एमपीथ्री फाइली. हेडफोनच्या भोकातून आवाज काढून तो संगणकाच्या माइकच्या भोकात घातलेला होता, आणि तबल्याचे जोरकस बोल जिथे जिथे आले तिथे तिथे ते वरून कापले गेले होते. मूळ टेपवर सगळे आकडे शाबूत असताना त्यांचे आधी विद्युतलहरीत आणि मग पुन्हा आकड्यांत रूपांतर करण्याची काहीच गरज नव्हती. त्यानंतर हे काम घरीच करायचे ठरवले. त्या अनुभवातून हाती लागलेली पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

टेपवर नेमके काय असते

डॅटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि ती सेकंदाला अवघे ८.१५ मिलिमीटर सरकते. इतक्या संथ फितीवर इतकी माहिती मावते, कारण व्हिडिओ यंत्राप्रमाणेच इथेही हेड, म्हणजे फीत लिहिणारी-वाचणारी चुंबकीय टोके, फिरत्या ड्रमवर बसवलेली असतात. ३० मिलिमीटर व्यासाचा हा ड्रम नेहमीच्या पद्धतीत मिनिटाला २००० फेरे घेतो आणि फितीवर तिरप्या, १३.६ मायक्रॉन रुंदीच्या रेषा आखत जातो. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड असतो, तेव्हा धुळीचा कण किंवा बुरशीचा तंतू या रेषांवर काय गोंधळ घालू शकतो, याची कल्पना यावी.

या रेषांमध्ये सहसा १६ बिटांचे आकडे असतात. त्यांचा वेग सेकंदाला ४८,०००, ४४,१०० किंवा ३२,००० नमुने असा असतो; नमुना म्हणजे आवाजाची एका क्षणाची मोजणी. आकड्यांसोबत चूक शोधून दुरुस्त करणाऱ्या रीड-सॉलोमन संकेताचे दोन थर असतात, आणि लागोपाठचे नमुने मुद्दाम दोन वेगवेगळ्या रेषांत विखुरलेले असतात. या विखुरण्यामुळेच डॅट किरकोळ जखमा सहज पचवते आणि याच विखुरण्यामुळे ती आपल्याला फसवतेही.

टेप डिजिटल आहे म्हणजे नक्कल एकतर हुबेहूब होईल किंवा होणारच नाही, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तिसरीही अवस्था असते. थोडी चूक असेल तर यंत्र ती संकेताच्या आधारे पूर्ण दुरुस्त करते आणि मूळ आकडा जसाच्या तसा बाहेर येतो. फारच चूक असेल तर आवाज क्षणभर बंद होतो किंवा कडकड ऐकू येते. मात्र या दोहोंच्या मध्ये यंत्र शेजारचे आकडे पाहून हरवलेल्या आकड्याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज खऱ्या आकड्याच्या जागी गुपचूप बसवून देते. दोन हेडांपैकी एक पूर्ण बुजले तरी गाणे ऐकू येत राहते, कारण निम्मे नमुने दुसऱ्या हेडाकडून मिळत असतात. फक्त तंबोऱ्याच्या झंकारात कोणीतरी बारीक वाळू मिसळल्यासारखे वाटते. ज्याने मूळ मुद्रण पूर्वी ऐकलेले नाही, त्याला ‘जुनी टेप आहे, असेच असणार’ असे वाटून तो हीच नक्कल कायमची जपून ठेवतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीचा हेतू एकच आहे: मिळालेला आकडा खरा आहे की यंत्राने रचलेला आहे, हे ओळखणे.

ऋतू आणि कॅसेटांची पाहणी

मुंबईत हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, फीत ड्रमला चिकटू पाहते आणि बुरशी असेल तर ती जोमाने वाढते. वातानुकूलित खोलीतले थंड यंत्र दमट खोलीत आणले की ड्रमवर दव जमते. बहुतेक यंत्रांत यासाठी संवेदक असतो आणि तो ‘ड्यू’ अशी सूचना दाखवून यंत्र चालूच होऊ देत नाही. ही सूचना दिसल्यावर केस वाळवायचे यंत्र मारण्याचा मोह होतो, तो टाळावा आणि यंत्र खोलीच्या तापमानाला काही तास नुसते ठेवावे. कॅसेटाही माळ्यावरून काढल्याबरोबर लावू नयेत. ज्या खोलीत काम करायचे आहे तिथे त्या एक दिवस राहू द्याव्यात.

कॅसेटच्या खिडकीतून टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात फितीच्या वेटोळ्याची कडा पाहावी. निरोगी वेटोळे सपाट आणि गडद दिसते. पांढरट भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी, अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करावी आणि ती कोणत्याही परिस्थितीत चांगल्या यंत्रात घालू नये, कारण बुरशी ड्रमवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. माझ्याकडच्या चौसष्टपैकी पाच अशा निघाल्या. त्या मी अनुभवी तंत्रज्ञाकडे सोपवल्या. अॅनालॉग टेपांसाठी सांगितला जाणारा ‘भट्टीत शेकण्याचा’ उपाय डॅटवर हौसेने करून पाहू नये.

याच वेळी प्रत्येक कॅसेटच्या पाठीमागची सरकती खूण पाहावी. खूण सरकवून भोक उघडे केले की त्यावर पुन्हा मुद्रण होऊ शकत नाही. हे सर्व कॅसेटांसाठी पहिल्याच दिवशी करून टाकावे. रात्री दोन वाजता ‘प्ले’ऐवजी ‘रेकॉर्ड’ दाबला जाण्याची भीती त्यामुळे उरत नाही. त्यानंतर डबीतला कागद, त्यावरचा मजकूर आणि कॅसेटवरची पट्टी यांची छायाचित्रे घ्यावीत. मामा रागाचे नाव पेन्सिलीने लिहीत आणि पेन्सिल पुसट होत जाते.

यंत्र

ज्या यंत्रावर मुद्रण झाले तेच यंत्र उपलब्ध असेल तर ते सर्वांत मौल्यवान समजावे. एखाद्या यंत्राचे फीतमार्गदर्शक थोडे सरकलेले असले तर त्याने आखलेल्या रेषाही तितक्याच सरकलेल्या असतात आणि त्या त्याच यंत्रावर नीट वाचता येतात, दुसऱ्या अगदी निर्दोष यंत्रावर मात्र अडखळतात. त्यामुळे मुद्रण उतरवून होईपर्यंत जुन्या यंत्राचे मार्गदर्शक कोणालाही ‘सरळ’ करू देऊ नयेत.

दुसरे यंत्र शोधावे लागले तर टॅस्कॅमची डीए-२०, डीए-३०, डीए-४० ही मालिका, पॅनासॉनिकची एसव्ही-३७०० आणि एसव्ही-३८००, किंवा सोनीचे पीसीएम-आर५०० यांसारखे स्टुडिओतले डेक पाहावेत. चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर किंवा बंद झालेल्या स्टुडिओंच्या सामानात असे डेक कधीकधी मिळतात. मात्र ‘दिवा लागतो’ याचा अर्थ ‘चालते’ असा नसतो. सोबत बिनमहत्त्वाची एक कॅसेट न्यावी, ती आत जाते का, वाजते का, पुढे-मागे फिरते का आणि मुख्य म्हणजे बाहेर येते का, हे तिथेच पाहावे. फीत दाबून पुढे ओढणारा रबराचा पिंच रोलर चकचकीत व कडक झालेला असेल तर फीत घसरते. लहान खिशातल्या यंत्रांत कपॅसिटर गळून पाटी खराब झालेली आढळते.

एक व्यावहारिक इशारा इथेच देतो. नातेवाइकांनी जपानहून आणलेले यंत्र १०० व्होल्टवर आणि अमेरिकेहून आणलेले १२० व्होल्टवर चालणारे असू शकते. मागची पट्टी वाचल्याशिवाय ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडू नये. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो आणि जळालेला डॅट डेक दुरुस्त करणारा मात्र सहज मिळत नाही.

ड्रम स्वच्छ करण्यासाठी ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारे शामवा चामड्याचे बोळे वापरावेत. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या अजिबात वापरू नयेत, कारण कापसाचा तंतू हेडाच्या टोकात अडकतो आणि ते मोडते. वीज बंद करून भिजवलेला बोळा ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरावा आणि दुसऱ्या हाताने ड्रमच फिरवावा. बोळा वर-खाली कधीही चोळू नये. पिंच रोलर आणि कॅप्स्टनचा दांडा वेगळ्या बोळ्याने पुसावा, सर्व वाळू द्यावे आणि मगच यंत्र चालू करावे. बाजारातली कोरडी सफाई कॅसेट दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. ती मुळात घासूनच साफ करते.

कॅसेट अडकली तर दार ओढू नये आणि फीत बाहेर लोंबत असताना चिमट्याने खेचू नये. वीज काढून, झाकण उघडून, फीत ड्रमवरून मोकळी झाल्याची खात्री करूनच कॅसेट बाहेर काढावी. हे जमणार नसेल तर यंत्र कॅसेटसकट जाणकाराकडे न्यावे.

जोडणी

डेकच्या मागे तीन प्रकारचे डिजिटल मार्ग आढळतात. पहिला नारिंगी किंवा काळ्या गोल आरसीए भोकाचा कोअॅक्सियल एसपीडीआयएफ, दुसरा प्रकाशतंतूचा, आणि तिसरा स्टुडिओच्या डेकवरील तीन पिनांचा एईएस/ईबीयू. संगणकाच्या बाजूला यांपैकी एखादा मार्ग आत घेणारा ऑडिओ इंटरफेस लागतो. दुकानात ‘डिजिटल कन्व्हर्टर’ मागितला तर बहुधा डिजिटलचे अॅनालॉग करणारी लहान डबी हातात ठेवतात. ती आपल्या उपयोगाची नाही. आपल्याला डिजिटल आत घेऊन ते डिजिटलच संगणकाला देणारे उपकरण हवे असते, आणि ते बाहेरच्या घड्याळावर चालू शकते का, हे विकत घेण्यापूर्वी त्याच्या माहितीपुस्तकात पाहावे.

कोअॅक्सियलसाठी ७५ ओहमची केबल घ्यावी. टीव्हीला लावायची लाल-पांढरी साधी जोडी दिसायला सारखी असते आणि थोड्या लांबीत चालतेही, पण ती चालते तेवढ्यावर विसंबून राहणे मला पटत नाही. एईएस/ईबीयूचा विद्युतदाब एसपीडीआयएफपेक्षा बराच जास्त असतो आणि त्याची केबल ११० ओहमची असते, म्हणून दोहोंच्या मध्ये नुसती जुळवलेली वायर न घालता योग्य परिवर्तक घालावा. सोनीच्या टीसीडी-डी७ आणि टीसीडी-डी८ या खिशातल्या यंत्रांना डिजिटल आवाजासाठी खास बहुपिनी केबल लागते. ती हरवली असेल तर हेडफोनचा मार्ग धरण्यापेक्षा कोणाचा तरी मोठा डेक चार दिवस मागून आणणे केव्हाही चांगले.

आता या साऱ्या जोडणीतील सर्वांत नाजूक गोष्ट. डेक आणि इंटरफेस या दोघांचे स्वतःचे घड्याळ असते, आणि दोन घड्याळे कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. इंटरफेस स्वतःच्याच घड्याळावर राहिला तर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी एखादा नमुना गळतो वा दुप्पट होतो आणि ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. म्हणून इंटरफेसच्या नियंत्रण खिडकीत घड्याळाचा स्रोत ‘एसपीडीआयएफ’ किंवा ‘एक्स्टर्नल’ असा निवडावा आणि ‘लॉक’चा दिवा स्थिर झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझ्या पहिल्या आठ कॅसेटा याच कारणाने पुन्हा उतरवाव्या लागल्या.

काही जण संगणकाच्या डेटा बॅकअपसाठी असलेले डीडीएस ड्राइव्ह वापरतात. त्यांतील मोजक्या ड्राइव्हमध्ये, उदाहरणार्थ सोनी एसडीटी-९००० किंवा आर्काइव्ह पायथन यांच्या विशिष्ट आवृत्त्यांत, ऑडिओ टेप वाचू देणारे फर्मवेअर असते. ते टेप ऐकण्याच्या वेगापेक्षा जलद वाचतात आणि कोणत्या चौकटीत चूक होती तेही सांगतात. पद्धत उत्तम आहे, पण त्यासाठी असे ड्राइव्ह जोडण्याचे स्कझी कार्ड असलेला जुना संगणक आणि पुष्कळ चिकाटी लागते. शेकडो कॅसेटा असतील तरच तिकडे वळावे.

संगणकाची मांडणी

ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम या कामाला पुरतो; रीपर हा मुद्रणाचा प्रोग्राम आणि इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेसला संगणकाशी थेट जोडून देणारे सॉफ्टवेअर) ही जोडी त्याहून भरवशाची. मुद्रण सुरू करण्यापूर्वी डेकच्या पडद्यावर नमुन्यांचा वेग पाहावा आणि प्रोग्राममध्ये, इंटरफेसमध्ये आणि विंडोजच्या ध्वनी मांडणीत तोच आकडा ठेवावा. विंडोजमधील ‘एन्हान्समेंट्स’ बंद असाव्यात आणि आवाजाची पातळी शंभरवर असावी. निद्रावस्था, स्वयंचलित अपडेट आणि सूचनांचे आवाज बंद करावेत. ऑडॅसिटीच्या प्राधान्यक्रमांत ‘क्वालिटी’ या भागात डिदर हा पर्याय असतो. तो ‘नन’ करावा, नाहीतर १६ बिटांची फाइल बाहेर काढताना प्रोग्राम त्यात स्वतःचा सूक्ष्म गोंगाट मिसळतो आणि आपण जपत असलेले आकडे बदलून जातात.

४८,००० नमुन्यांच्या टेपची फाइल ४४,१०० ची म्हणून नोंदली गेली तर काय होते, ते गाणाऱ्या माणसाला लगेच कळते. गायन संथ होते, तासाभराचे मुद्रण पासष्ट मिनिटांहून अधिक चालते आणि सूर हार्मोनियमच्या जवळजवळ दीड पट्टीने उतरतो. काळी दोनमध्ये गाणारी गायिका अचानक दोन पट्ट्यांच्या मधल्याच कुठल्यातरी सुरात गाऊ लागली तर गळ्याला दोष न देता आधी हा आकडा तपासावा. घरगुती मुद्रणे बहुधा ४८,००० वर असतात, कारण सुरुवातीची अनेक घरगुती यंत्रे अॅनालॉग मार्गाने तेवढ्याच वेगाने मुद्रण करीत. पण एकाच कॅसेटवर दोन वेग असल्याचेही मी दोनदा पाहिले. तिथे इंटरफेसचा ‘लॉक’ सुटतो, आणि दोन भाग स्वतंत्रपणे उतरवावे लागतात.

आकडे खरोखर जसेच्या तसे येत आहेत का, याची एक सोपी परीक्षा आहे. सुरुवातीची पाच मिनिटे मुद्दाम २४ बिटांत घ्यावीत आणि बिटमीटर दाखवणाऱ्या मोफत प्लगइनमधून पाहावीत. टेप १६ बिटांची असल्याने खालचे आठ बिट पूर्ण रिकामे दिसले पाहिजेत. त्यांत हालचाल दिसली तर वाटेत कोणीतरी पातळी बदलते आहे किंवा वेगाचे रूपांतर करते आहे, असे समजावे आणि दोषी सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. टॅस्कॅमच्या डीए-४५एचआरवर २४ बिटांत केलेल्या टेपा याला अपवाद आहेत.

पहिली फेरी

कॅसेट लावल्यावर यंत्र थांबलेल्या अवस्थेतच फीत शेवटपर्यंत पुढे आणि मग सुरुवातीपर्यंत मागे फिरवावी. वर्षानुवर्षे एकाच ताणात पडलेले वेटोळे त्यामुळे मोकळे होते. नंतर संगणकावर मुद्रण सुरू करावे, मगच डेकवर ‘प्ले’ दाबावे, आणि टेप संपल्यावरही काही सेकंद मुद्रण चालू ठेवावे. आवाजाची पातळी वाढवण्याचा, खरखर काढण्याचा किंवा मधली शांतता कापण्याचा विचारही या टप्प्यावर करू नये. मधल्या शांततेत कधी पुढच्या बंदिशीबद्दलची कुजबुज असते आणि ती कुजबुज पुढे तारीख ठरवायला उपयोगी पडते.

वेळ मात्र लागतो, त्याला इलाज नाही. दोन तासांची टेप दोन तासच घेते. लाँग प्ले पद्धतीने ३२,००० नमुन्यांवर केलेली तीच टेप चार तास घेते. जागा त्या मानाने फारच थोडी लागते: ४८,००० नमुन्यांच्या १६ बिटांच्या स्टिरिओ मुद्रणाच्या एका तासाला सुमारे ६९१ मेगाबाइट. माझ्या कॅसेटांचे सुमारे शहाण्णव तास ६७ गिगाबाइटांत मावले.

दुसरी फेरी आणि वजाबाकी

इथे बहुतेक जण थांबतात. माझा आग्रह असा, की प्रत्येक महत्त्वाची कॅसेट दुसऱ्यांदा, शक्य असेल तर हेड पुसून आणि वेगळ्या दिवशी, पुन्हा उतरवावी. दोन्ही वेळा खरे आकडे आले असतील तर दोन्ही फाइलींतील नमुना न् नमुना सारखा असला पाहिजे, आणि तो तसा आहे का, हे वजाबाकी करून पाहता येते.

दोन्ही फाइली ऑडॅसिटीत एकाखाली एक उघडाव्यात. सुरुवातीच्या एखाद्या ठसठशीत आघातापाशी, उदाहरणार्थ तबल्याच्या पहिल्या ‘धा’पाशी, दृश्य इतके मोठे करावे की लहरीच्या रेषेवर एकेक नमुना ठिपक्यासारखा दिसू लागेल. दोन्ही फाइलींत तोच ठिपका ओळखून त्याच्या आधीचे सर्व पुसून टाकावे, म्हणजे दोन्ही अगदी एकाच क्षणापासून सुरू होतील. मग एका फाइलीवर लहर उलटी करणारा ‘इन्व्हर्ट’ हा परिणाम लावावा आणि दोन्ही ‘मिक्स अँड रेंडर’ने एकत्र करावेत. दोन्ही सारखे असतील तर शिल्लक राहते ती सपाट रेषा, पूर्ण शून्य. शहाण्णव तासांच्या कामात मला सर्वांत जास्त समाधान या सपाट रेषेने दिले आहे.

रेषा सपाट नसेल तर तिचा आकारच रोगाचे निदान सांगतो. मधूनच एखादा बारीक काटा उभा राहिला आणि पुन्हा शांतता आली, तर त्या ठिकाणी एका फेरीत यंत्राने अंदाज बांधला होता. एका विशिष्ट क्षणानंतर शेवटपर्यंत सगळी रेषा भरलेली दिसली, तर तिथे एखादा नमुना गळाला किंवा वाढला, म्हणजे दोष टेपचा नसून घड्याळाचा किंवा संगणकाचा आहे. आणि सुरुवातीपासूनच सगळीकडे सारख्या जाडीचा गोंगाट दिसला, तर एका फेरीत हेड बुजले होते, डिदर चालू राहिले होते किंवा सुरुवातीचा ठिपकाच चुकीचा निवडला गेला होता.

काटे थोडे असतील तर त्यांवर सुंदर उपाय आहे. दोन्ही फाइली नमुन्यागणिक जुळलेल्या असल्यामुळे पहिल्या फेरीतला बिघडलेला तुकडा काढून त्या जागी दुसऱ्या फेरीतला निर्दोष तुकडा बसवता येतो आणि सांधा मुळीच ऐकू येत नाही. कोणत्या फेरीतला तुकडा खरा, हे ठरवण्यासाठी तिसरी फेरी घ्यावी आणि दोन ज्यावर सहमत असतील ते प्रमाण मानावे. या पद्धतीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी: फितीवरची जखम कायमची असेल तर यंत्र दरवेळी तोच अंदाज तशाच रीतीने बांधू शकते आणि वजाबाकी तिथेही शून्य दाखवते. म्हणून निदान एक फेरी दुसऱ्या यंत्रावर घ्यावी आणि ज्या ठिकाणी कान अडखळतो तिथे कानावर विश्वास ठेवावा. काही स्टुडिओ डेक चुकांचे प्रमाण पडद्यावर दाखवतात. ती सोय असेल तर कॅसेटगणिक आकडा टिपून ठेवावा.

सर्व कॅसेटांना दोन फेऱ्या देणे झेपत नसेल, तर कलावंत हयात नाही, दुसरी प्रत कुठेही नाही आणि कागदावर नुसते ‘खाजगी’ असे लिहिले आहे, अशा कॅसेटा आधी घ्याव्यात.

प्री-एम्फसिस

काही टेपांवर मुद्रण करताना वरच्या पट्टीचे स्वर मुद्दाम उचललेले असतात आणि वाजवताना डेक ते पुन्हा खाली आणतो. ही सूचना डिजिटल प्रवाहासोबत एका खुणेने जाते, पण संगणकाचे इंटरफेस सहसा ती खूण वाचत नाहीत. त्यामुळे फाइल अनैसर्गिक तीक्ष्ण ऐकू येते, झांज कानाला टोचते. डेकच्या पडद्यावर ‘एम्फसिस’ची खूण दिसली तर ते नोंदवहीत लिहावे, मूळ फाइल तशीच ठेवावी आणि सॉक्स या मोफत प्रोग्राममधील ‘डीएम्फ’ ही आज्ञा वापरून ऐकण्याची वेगळी प्रत करावी. ही आज्ञा ४४,१०० आणि ४८,००० अशा दोन्ही वेगांवर चालते.

फाइल, नाव आणि नोंद

मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, टेपच्या स्वतःच्या वेगावर आणि १६ बिटांतच ठेवावी. ती ९६,००० नमुन्यांवर चढवल्याने काही मिळत नाही, फक्त फाइल फुगते. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयएएसएची, टीसी-०४ ही मार्गदर्शिकाही डिजिटल माध्यमावरील मूळ वेग जपण्याच्याच बाजूची आहे. ब्रॉडकास्ट वेव्ह या प्रकारात फाइलीच्या पोटातच वर्णन, तारीख आणि उतरवण्याचा इतिहास लिहिता येतो. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक वापरावे, कारण त्यात एकही आकडा बदलत नाही. एमपीथ्री फक्त आप्तांना पाठवण्यासाठी.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर कॅसेटचा क्रमांक आणि फेरी असा क्रम ठेवला की यादी आपोआप कालानुक्रमे लागते. उदाहरणार्थ १९९६०२१८-०४१-२, म्हणजे अठरा फेब्रुवारी १९९६ची बैठक, कॅसेट एक्केचाळीस, दुसरी फेरी. काही यंत्रे मुद्रणाची तारीख आणि वेळ टेपवरच नोंदवत आणि डेक ती दाखवतो. मात्र यंत्राचे घड्याळ मुळात लावलेले नसेल तर ती तारीख निरर्थक असते, म्हणून तिचा कागदावरच्या नोंदीशी मेळ घालून पाहावा. नोंदवहीत कलावंत, साथीदार, राग, ठिकाण, वापरलेले यंत्र, नमुन्यांचा वेग, वजाबाकीचा निकाल आणि शंका, एवढे रकाने पुरतात. शंकांचा रकाना रिकामा ठेवू नये.

काम संपलेल्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्यातल्या आकड्यांवरून निघणारी ओळखसंख्या, काढून तो यादीत ठेवावा. विंडोजमधल्या ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने तो निघतो. वर्षभराने तोच ठसा पुन्हा काढून जुळवला की डिस्कवर फाइल गुपचूप बिघडलेली नाही, याची खात्री पटते. प्रती तीन कराव्यात, आणि त्यांतली एक मुंबईबाहेर असावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांत जे जे होते ते सारे एकदमच भिजले. मी एक डिस्क पुण्यात बहिणीकडे ठेवली आहे.

हे मुद्रण आपल्या ताब्यात असले तरी गायलेल्या कलावंताचे हक्क त्यामुळे आपल्याकडे येत नाहीत. घरात ऐकणे आणि जतन करणे वेगळे. इंटरनेटवर टाकण्यापूर्वी कलावंताला किंवा वारसांना विचारावे.

कॅसेटा मात्र टाकून देऊ नयेत. पुढे एखादे अधिक चांगले यंत्र हाती आले तर त्या पाच बुरशीच्या कॅसेटांसारख्या अडलेल्या टेपा पुन्हा वाचता येतील. प्रत्येक कॅसेट सुरुवातीपर्यंत फिरवून, डबीत घालून, पुस्तकासारखी उभी ठेवावी. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात, निळे दाणे गुलाबी झाले की त्या बदलाव्यात, आणि डबा माळ्यावर न ठेवता घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवावा.